सनद आणि अकरा महिन्यांचा करार

उल्हासनगरचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक, हे सिंधी निर्वासितांचे शहर, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी कष्टाच्या आणि व्यापारी बुद्धीच्या जोरावर उभे केलेले. दुसरी, हे अनधिकृत बांधकामांचे शहर. पहिली गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, दुसरी नाक मुरडून. खोटी यातली एकही नाही. पण या दोन्ही एकत्र केल्या तरी तिथे आज कोण राहते, ते कुठून आले आणि कशाच्या आधारावर राहतात, हे कळत नाही. 2011च्या जनगणनेत अवघ्या तेरा चौरस किलोमीटरमध्ये 5 लाख 6 हजार माणसे नोंदली गेली, म्हणजे एका चौरस किलोमीटरला 38 हजारांहून अधिक. एवढ्या दाटीत निर्वासितांची नातवंडे आहेत, तसेच त्यांच्या चाळीत, गाळ्यात आणि इमारतीत भाड्याने राहणारे जौनपूरचे, जालन्याचे आणि जळगावचे लोकही आहेत. पहिल्यांच्या आणि दुसऱ्यांच्या वाट्याला आलेल्या आयुष्यात जो फरक पडला, तो जातीच्या किंवा रक्ताच्या गुणाने पडला, असे मला वाटत नाही. शासनाने पहिल्यांची मोजदाद केली, त्यांना जागेचा कागद दिला आणि त्यांच्या मुलांसाठी शाळेची सोय केली. दुसऱ्यांच्या बाबतीत यातले एकही काम धड झाले नाही. फरकाचे मूळ तिथे आहे.

आधी पहिल्यांचे पाहू. फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना भारतात स्वतःचा म्हणावा असा भाषिक प्रदेश उरला नाही. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबून राहिलेली घरेही निघाली. काही जोधपूरच्या वाटेने रेल्वेने आली, बरीच कराचीहून बोटीने काठियावाडच्या आणि मुंबईच्या बंदरात उतरली. सुमारे बारा लाख माणसे अशी इकडे आली. मुंबईत जागा नव्हती आणि मुंबई सरकारला ती देण्याची फारशी इच्छाही नव्हती. म्हणून दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या आणि युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या छावण्या उघडण्यात आल्या. कल्याणची छावणी त्यांतली सर्वांत मोठी. लांबलचक बॅरकींमध्ये एकेका दालनात अनेक कुटुंबे राहिली, दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत म्हणून गोणपाट किंवा जुनी साडी. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. छावणीचे क्रमांक मात्र गेले नाहीत. आजही पत्ता सांगताना माणूस कॅम्प नंबर तीन किंवा कॅम्प नंबर पाच असेच सांगतो.

या काळात शासनाने काय केले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण उद्यमशीलतेच्या कौतुकात ते झाकून जाते. मुंबई सरकारने 1948 मध्ये खास कायदा करून निर्वासितांची नोंदणी सक्तीची केली. त्या कायद्यात काळजीपेक्षा नियंत्रणाचा हेतू अधिक होता, हे खरे. तरीही कोण कुठे आहे हे कागदावर आले. 1951च्या जनगणनेत विस्थापितांची वेगळी मोजणी झाली आणि देशभरात ते सुमारे 72 लाख निघाले. 1950 मध्ये दाव्यांचा कायदा झाला, 1954 मध्ये नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा. सिंधमध्ये घर-जमीन सोडून आलेल्याला दावा मांडता आला. ज्याच्याकडे दावा मांडण्यासारखे काही नव्हते त्यालाही राहता गाळा हप्त्याहप्त्याने विकत घेण्याची वाट मिळाली. या सगळ्याच्या शेवटी कुटुंबाच्या हाती जो कागद आला, तो म्हणजे सनद. उल्हासनगरमध्ये जुन्या घरांचा कोणताही व्यवहार आजही या एका कागदापाशी येऊन थांबतो. सनद असली की बॅरकीतली खोली आपली झाली. मग पुढे पडवी काढता आली, पडवीत दुकान टाकता आले, दुकानावर कर्ज काढता आले आणि मुलाच्या लग्नाच्या बोलणीत घर आहे असे सांगता आले. जपानी बाजार, गजानन मार्केट, फर्निचर बाजार ही या शहराची ख्याती मेहनतीची खरीच, पण त्या मेहनतीला बसायला हक्काची फरशी होती.

यावर सिंधी वाचक म्हणेल, आणि त्याने म्हणावेच, की सरकारने दिले ते अगदीच तुटपुंजे होते. नळावरच्या रांगा, सार्वजनिक संडास, बंद केलेले शिधे, भाडे थकले म्हणून आलेल्या नोटिसा हे सगळे त्या पिढीने सोसले आहे. दाव्याची रक्कम गेलेल्या मालमत्तेच्या मानाने नाममात्र होती. हे मान्य करूनच माझा मुद्दा उभा राहतो. एवढ्या थोडक्या मदतीवरही एका पिढीत कुटुंबे सावरली, कारण उद्या आपल्याला इथून हुसकावून लावतील ही भीती गेली होती. वळिवडेचे उदाहरण घ्या. कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत युद्धकाळात पोलंडचे निर्वासित राहिले होते. ते परतल्यावर तिथे सिंधी कुटुंबे आली आणि त्याच जागेवर आज गांधीनगरची कापडपेठ आहे. पिंपरीचा कॅम्प, चेंबूरचा कॅम्प, ठाण्यातली कोपरी कॉलनी, नागपूरचे जरीपटका ही सगळी याच धड्याची उदाहरणे आहेत. हवा वेगळी, बाजार वेगळा, पण पायाखाली हक्काची जमीन आली की माणूस घर, दुकान आणि शाळा या क्रमाने पुढे सरकतो.

आता दुसऱ्यांकडे वळू. शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना पन्नासच्या दशकात सुरू झाला. शेजारी अंबरनाथला शस्त्रनिर्मितीचा कारखाना होताच, मग औद्योगिक वसाहती आल्या. कोकण, खानदेश, मराठवाडा इथून कामगार आले, भूमिहीन दलित कुटुंबे आली. कॅम्प चारमधली सुभाष टेकडीची आंबेडकरी वस्ती हा या शहराच्या इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे, पण शहराची गोष्ट सांगताना तो सहसा गाळला जातो. नंतर जीन्सचा धंदा वाढला तसे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कारागीर आले. जीन्सच्या गाळ्याची रचना एकदा समजून घेतली की या लोकसंख्येचा स्वभाव कळतो. दाटीने मांडलेल्या शिलाई मशीन, नगावर मजुरी, दिवसभर कापणी आणि शिलाई, रात्री त्याच मशीनच्या मधल्या जागेत अंथरूण. कपडे, पेटी आणि गावाकडे पाठवायच्या पैशांचा हिशेब असा संसार तिथेच. ठेकेदार बदलला की गाळा बदलतो आणि गाळा बदलला की पत्ताही बदलतो. काही वर्षांनी यातलाच एखादा बायको-मुलांना घेऊन येतो आणि चाळीत खोली घेतो. करार झालाच तर अकरा महिन्यांचा, पुष्कळदा तोही नाही, फक्त डिपॉझिट आणि तोंडी बोलणे. बारा-पंधरा वर्षे एकाच शहरात काढलेल्या कुटुंबाकडे सलग राहिल्याचा एकही कागद नसतो तो असा.

महाराष्ट्राने अशा कुटुंबांसाठी एकच कसोटी ठेवली आहे, ती म्हणजे तारीख. झोपडपट्टी पुनर्वसनात आधी 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000, आणि पुढे पैसे भरून घर मिळण्यासाठी 1 जानेवारी 2011. त्या तारखेआधी तुम्ही इथे होता हे सिद्ध करा, तर परिशिष्ट दोन या पात्रतेच्या यादीत तुमचे नाव पात्र म्हणून येईल, नाहीतर अपात्र. ही कसोटी झोपडीधारकाला लागते. त्या झोपडीच्या पोटमाळ्यावर भाड्याने राहणारा या यादीच्या बाहेरच असतो. म्हणजे 1954च्या कायद्याने विचारले होते की तुझे काय गेले, आणि आजचा नियम विचारतो की तू कधी आलास. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून पुनर्वसन निघाले. दुसऱ्यातून निघतात फक्त वगळण्याची कारणे.

याची किंमत सगळे शहर मोजते, फक्त भाडेकरू नव्हे. नव्वदच्या दशकात उल्हासनगरमध्ये मजल्यावर मजले चढले. रेतीऐवजी दगडाची भुकटी, ज्याला इथे रेजगा म्हणतात, ती वापरून स्लॅब टाकले गेले. 2005 मध्ये 855 अनधिकृत इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे पाडकामापर्यंत आला तेव्हा राज्य सरकारने 2006 मध्ये त्या नियमित करण्यासाठी खास कायदा केला. प्रत्यक्षात फार थोड्या इमारती त्यातून सुटल्या. मे 2021 मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळले आणि दहाहून अधिक माणसे मेली. अशा इमारतीला पालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून नोटीस लावते. नोटीस भिंतीवर असते आणि घरात राहणारा माणूस नोंदीत नसतो. घर रिकामे केले तर परत येण्याचा हक्क आहे असे लिहून देणारा कागद कोणी देत नाही, म्हणून माणसे जीव मुठीत धरून राहतात. त्यांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे, पण जिच्याकडे हक्काची जागा नाही अशी बाई स्लॅबपेक्षा रस्त्याला अधिक घाबरते.

हे सगळे ज्या आकड्यांच्या आधारे सुधारायचे, ते आकडे पंधरा वर्षे जुने आहेत. 2001 ते 2011 या दशकात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 36 टक्क्यांनी वाढली. उल्हासनगरची वाढ मात्र सातच टक्क्यांच्या आसपास होती. वरवर पाहता शहर भरून थांबले, असा निष्कर्ष निघतो. पण सात टक्के ही निव्वळ वाढ आहे. किती सधन कुटुंबे कल्याण, ठाणे, मुंबईकडे गेली, त्यांच्या रिकाम्या खोल्यांत कोण आले, आलेल्यांत एकटे पुरुष किती आणि मुलाबाळांसह आलेले किती, हे या एका आकड्यातून कळत नाही. शाळा, दवाखाना आणि पाण्याची गरज मात्र याच तपशिलावर ठरते. दहा एकटे कामगार आणि दोन कुटुंबे यांची माणसे मोजायला जवळपास सारखी भरतील, पण बालवाडी फक्त दुसऱ्यांना लागते. जनगणनेच्या तक्त्यांत जन्मस्थान, आधीचे राहण्याचे ठिकाण, इथे किती वर्षे आणि कशासाठी आलात हे प्रश्न असतात. 2021ची जनगणना झाली नाही. आता ती 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाने होते आहे. मधल्या काळात करोनाच्या टाळेबंदीत लाखो लोक पायी गावी गेले आणि परत आले, त्याची मोजणी कुठेच नाही.

यावर आक्षेप येतात आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की, निर्वासित आणि स्थलांतरित यांची तुलनाच चुकीची. सिंधी माणूस स्वतःहून आला नाही, देशाच्या नेत्यांनी घेतलेल्या निर्णयाने तो उखडला गेला आणि म्हणून त्याला भरपाई देणे राष्ट्राचे कर्ज होते. जौनपूरचा कारागीर आपल्या मर्जीने आला आहे. हा भेद मला पूर्ण मान्य आहे. गमावलेल्या हवेलीची भरपाई आणि कामासाठी केलेला प्रवास एका तराजूत घालता येत नाहीत. पण मी भरपाई मागत नाही. मी मागतो ती नोंद, राहत्या जागेची हमी आणि मुलांची शाळा, आणि या तिन्ही गोष्टी भरपाईच्या नसून नागरिकत्वाच्या आहेत. शिवाय सिंधमधून येणाऱ्यांचा ओघही 1948 मध्ये संपलेला नाही. त्यानंतरही पाकिस्तानातून हिंदू कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इथे येत राहिली. त्यांच्यासाठी ठाण्यासह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना 2016 मध्ये नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, 31 डिसेंबर 2014 पूर्वी आलेल्यांसाठी 2019 मध्ये कायदा झाला आणि मार्च 2024 मध्ये त्याचे नियम आले. त्या कायद्यातील धर्माच्या अटीबद्दल माझे मतभेद आहेत. पण एका गटाचे कागद सुकर करायचे ठरवले तर शासनाला ते जमते, एवढे त्यातून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप लोंढ्यांचा. सोयी दिल्या की आणखी माणसे येतील, असे प्रत्येक पालिकेत बोलले जाते. तीन तारखा पुढे गेल्या, त्या प्रत्येक वेळी हेच कारण सांगून पुढची तारीख अंतिम ठरवली गेली. माणसे थांबली नाहीत, कारण ती पात्रतेच्या यादीसाठी येत नाहीत, मजुरीसाठी येतात. धंदा असेल तिथे ती जातात. वालधुनी नदी नासवणाऱ्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर कारवाई झाली तेव्हा कामगारही पांगले. त्यांना रोखायला कोणत्याही तारखेची गरज पडली नाही. नोंद नाकारल्याने स्थलांतर कमी होत नाही. कमी होते ते पालिकेचे ज्ञान, आणि मग पाच लाखांसाठी आखलेली पाण्याची योजना प्रत्यक्षात किती जणांना पुरवावी लागते हे कुणालाच सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप भाषेचा आहे आणि मराठी वर्तमानपत्रात लिहिताना त्याला बगल देणे अप्रामाणिक ठरेल. बाहेरून येणाऱ्यांमुळे मराठी मागे पडते, ही चिंता खरी आहे आणि ती करणाऱ्याला संकुचित म्हणण्यात अर्थ नाही. पण आकड्यांकडे नीट पाहावे. 2011 मध्ये महाराष्ट्रात आधीचे राहण्याचे ठिकाण वेगळे असलेले, म्हणजे जनगणनेच्या व्याख्येने स्थलांतरित, 5 कोटी 74 लाख होते. त्यांत लग्न होऊन सासरी आलेल्या बायकाही मोजल्या जातात. यांतले परप्रांतातून आलेले सुमारे 91 लाख. उरलेले सगळे, म्हणजे पाचांतले चारांहून अधिक, बहुतांशी याच राज्याच्या एका गावातून दुसऱ्या गावी गेलेले. तारखेच्या कसोटीवर अपात्र ठरणाऱ्यांत बीडचा आणि परभणीचा माणूसही आहे. परप्रांतीयाला वगळायला म्हणून घातलेली अट आधी आपल्याच दुष्काळी तालुक्यातल्या कुटुंबाला लागते. आणि जे परप्रांतातून आले त्यांच्या मुलांपुढे दोनच वाटा आहेत. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे कागद नसले तरी सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. पालिकेच्या मराठी शाळेने त्या मुलाला शोधून वर्गात बसवले तर दहा वर्षांत ते मराठीत वाचेल-लिहील. तसे केले नाही तर ते गाळ्यात हिंदी ऐकत मोठे होईल. पट नाही म्हणून मराठी शाळा बंद पडत असताना तिच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीतली मुले मोजलीच जात नाहीत, हा मराठीचाच तोटा आहे. सिंधी समाजाने हे दुखणे उलट बाजूने भोगले आहे. 1967 मध्ये त्यांची भाषा आठव्या अनुसूचीत आली, सन्मान मिळाला, पण सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून ओस पडल्या. भाषा टिकते ती वर्गातल्या बाकावर बसलेल्या मुलांमुळे.

काय करता येईल, ते फार खर्चाचे नाही. धोकादायक इमारतीला नोटीस देताना पालिकेने त्याच दिवशी प्रत्येक खोलीत प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाची यादी करावी, भाडेकरूसह, आणि त्या यादीची प्रत त्या कुटुंबाला सही-शिक्क्यानिशी द्यावी. पुनर्विकासाच्या प्रस्तावात ही यादी जोडल्याशिवाय परवानगी देऊ नये. भाडेकरूला मालकी द्या असे कोणी म्हणत नाही, पण बांधकाम सुरू असताना पर्यायी निवारा आणि नव्या इमारतीत परवडणाऱ्या भाड्याची खोली, एवढे त्याच्या वाट्याला यावे. ज्यांच्या आजोबांना सनद मिळाली त्या घरमालकांनी याला विरोध करू नये, अशी माझी त्यांना विनंती आहे, कारण कागदाशिवायचे दिवस काय असतात हे त्यांच्याच घरात सांगितले गेले आहे. खोट्या सनदांच्या तक्रारींनी हे शहर गांजलेले आहे. तिथे खऱ्या नोंदींची यादी झाली तर फायदा खऱ्या सनदधारकाचाच आहे.

जनगणनेचे प्रगणक दारी येतील तेव्हा पुष्कळ घरमालक भाडेकरूचे नाव सांगणार नाहीत. घरपट्टी वाढेल, तो हक्क सांगेल, पोलीस विचारतील, अशी भीती त्यांना असते. जनगणनेच्या कायद्याने ही वैयक्तिक माहिती गोपनीय असते, कर आकारणीसाठी ती कोणाला दिली जात नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. तेव्हा उल्हासनगरच नव्हे, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, भिवंडी, पिंपरी इथल्या प्रत्येक घरमालकाने आपल्या पोटमाळ्यावर, गाळ्यात आणि मागच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्या मुलांची वये प्रगणकाला सांगावीत.